करोडगिरी नाका ते मुक्त व्यापार करार : कापसाचा भाव आणि कापडाचे दुकान

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाची संहिता)





सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी धर्मचर्चेच्या जोडीने व्यापारचर्चेलाही स्थान मिळावे, ही संयोजकांची योजना औचित्याला धरून आहे. परभणी जिल्ह्यातील जैन समाजाचा चरितार्थ पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने व्यापारावर चालत आला. त्या व्यापाराचे दोन आधारस्तंभ म्हणजे कापड आणि कापूस. कापड दुकानातून बाहेर जाते, कापूस शेतातून बाजारात येतो, आणि दोहोंचा गिऱ्हाईक-धनी बहुधा एकच असतो. कार्तिकात जो शेतकरी मानवतच्या बाजार समितीत कापसाची गाडी उभी करतो, तोच संध्याकाळी सहकुटुंब कापडाच्या दुकानाची पायरी चढतो. लंडन, ब्रुसेल्स, कॅनबेरा अशा दूरदूरच्या राजधान्यांत होणाऱ्या करारांचा विचार या पायरीवर उभे राहून केला, तर त्यांचा अर्थ अधिक स्वच्छ दिसतो.

प्रारंभ अलीकडच्या एका घटनेने करणे योग्य होईल. १९ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्र सरकारने परदेशी कापसावरील ११ टक्के आयातशुल्क माफ केले. ही सवलत प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत होती. पुढे ती ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविण्यात आली. त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले होते. तिरुपूरच्या तयार कपड्यांच्या मागण्या अडचणीत आल्या होत्या आणि वस्त्रोद्योगाला स्वस्त कच्चा माल मिळावा, हा सरकारचा हेतू होता. हेतू समजण्यासारखा आहे. परंतु त्या वेळी मानवत, सेलू, पाथरी, जिंतूर या पट्ट्यातील कापूस अद्याप पाते-फुलांत होता. वेचणी दसऱ्याच्या मागेपुढे सुरू होते. म्हणजे शेतकऱ्याच्या विक्रीचे पहिले महिने आणि शुल्कमाफीचे शेवटचे महिने नेमके एकावर एक आले. त्यात सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाड्याचे अतोनात नुकसान केले. त्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्यासाठी ७,७१० रुपये व लांब धाग्यासाठी ८,११० रुपये क्विंटल होता; खुल्या बाजारातील भाव मात्र बहुतेक ठिकाणी त्याच्या खालीच राहिले. कापूस महामंडळाच्या केंद्रावर माल घालायचा तर मोबाईलवर नोंदणी हवी आणि मालातील ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. पावसात भिजलेल्या कापसाच्या बाबतीत ही दुसरी अट किती कठीण, हे कापूस हाताळणाऱ्यांना सांगावयास नको.

एका अधिसूचनेने एवढी उलथापालथ होऊ शकते, तर मग हा 'नाका' असतो तरी काय, आणि तो उघडल्याने कोणाचे काय होते?

परभणीच्या मुलखाला नाका नवा नाही. निजामाच्या हैदराबाद संस्थानात सीमाशुल्क वसूल करणाऱ्या खात्याला 'करोडगिरी' म्हणत. नव्या पिढीने हा शब्द क्वचितच ऐकला असेल. १८०२ साली ईस्ट इंडिया कंपनी आणि निजाम यांच्यात व्यापारी तह झाला आणि मालावर शेकडा ५ या दराने जकात ठरली. परभणीचा प्रदेश ज्याच्या कक्षेत आला, असा हा एक आरंभीचा व्यापार करारच म्हणावयास हवा. उत्तरेला पैनगंगेपलीकडे इंग्रजांच्या कारभाराखालचा वऱ्हाड, पश्चिमेला मुंबई इलाखा, आणि मध्ये करोडगिरीचे नाके. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाड-हैदराबाद रेल्वेमार्ग झाला, सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा ही स्थानके मुंबईच्या कापूसबाजाराला जोडली गेली. रेल्वेने अंतर कमी केले. करोडगिरी मात्र जागच्या जागी राहिली. मुंबईहून आलेला धोतरजोड्यांचा व लुगड्यांचा गठ्ठा संस्थानच्या हद्दीत शिरताना कर भरत असे, आणि तो कर अखेर लुगडे नेसणाऱ्या माउलीकडूनच वसूल होत असे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरचे करोडगिरी नाके स्वातंत्र्यसैनिकांच्या हल्ल्यांचे लक्ष्य ठरले, यात नवल नाही. संस्थानच्या विलीनीकरणानंतर ते इतिहासजमा झाले. मुक्त व्यापार करार म्हणजे दोन राष्ट्रांनी एकमेकांच्या सरहद्दीवरील असेच नाके परस्परांपुरते उठवणे, एवढीच त्याची साधी व्याख्या.

इंग्रजी अमदानीत नाक्याचा एक विपरीत प्रकारही पाहावयास मिळाला. १८९६ साली विलायती कापडावर साडेतीन टक्के आयातशुल्क ठेवण्यात आले, आणि लँकेशायरच्या गिरणीमालकांची तक्रार नको म्हणून तितकाच अबकारी कर हिंदी गिरण्यांच्या कापडावर लादण्यात आला. आपल्याच देशात विणलेल्या कापडाला आपल्याच देशात विलायतीच्या बरोबरीने कर! हा अन्याय १९२६ साली कायमचा दूर झाला.

परंतु आजच्या विषयाला सर्वांत जवळचा दाखला १९३३-३४ सालचा आहे, आणि तो थोडा विस्ताराने पाहणे आवश्यक आहे.

त्या काळी भारतीय कापसाचा सर्वांत मोठा परदेशी गिऱ्हाईक जपान होता. जपानी गिरण्या येथील आखूड धाग्याचा कापूस विकत घेत, त्याचे कापड विणीत आणि ते पुन्हा भारताच्या बाजारात आणीत. हे कापड इतके स्वस्त पडे की मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांना त्याच्यापुढे टिकाव धरवेना. गिरणीमालकांनी संरक्षण मागितले. सरकारने ब्रिटिशेतर सुती कापडावरील शुल्क चढवीत चढवीत जून १९३३ मध्ये ७५ टक्क्यांवर नेले. जपानने त्याचे उत्तर कापडाने न देता कापसाने दिले. जपानी गिरण्यांनी भारतीय कापसाच्या खरेदीवर बहिष्कार घातला.

आता कोंडी पाहावी. गिरणीमालकाला नाका उंच हवा, कारण त्याला कापड विकायचे आहे. शेतकऱ्याला जपान हवा, कारण त्याला कापूस विकायचा आहे. आणि खेड्यातल्या गिऱ्हाइकाला स्वस्त कापड हवे, कारण जागतिक मंदीने त्याच्या गाठीला पैसा उरलेला नाही. तिघेही भारतीयच आणि तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी रास्त. परभणी-नांदेडकडचा कापूस बाजारात 'हैदराबाद गावराणी' या नावाने ओळखला जाई. तो वऱ्हाडी उमरापेक्षा सरस मानला जात असल्याने हिंदी गिरण्यांतही त्याला मागणी होती. पण मोठा गिऱ्हाईक बाजारातून उठला की सरस मालालाही त्याची झळ लागल्यावाचून राहत नाही.

सिमला आणि दिल्ली येथे वाटाघाटी झाल्या, आणि जानेवारी १९३४ मध्ये तडजोड निघाली. तिचे सूत्र मोठे व्यवहारी होते. जपानने वर्षाला १० लाख गाठी भारतीय कापूस घ्यावा, त्याच्या बदल्यात ३२ कोटी ५० लाख वार कापड भारतात आणावे. कापूस १५ लाख गाठींपर्यंत घेतल्यास कापडाची मर्यादा ४० कोटी वारांपर्यंत वाढावी. शुल्क ७५ वरून ५० टक्क्यांवर उतरावे. म्हणजे शेतकऱ्याच्या गाठी आणि दुकानातले वार एकाच कागदावर एकमेकांना बांधले गेले. परकीय सरकारने केलेला हा करार असूनही त्यात कापूस पिकविणाऱ्याचा हिशेब कापडाच्या हिशेबापासून वेगळा काढलेला नव्हता, ही गोष्ट आज विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने स्वतःच्याच सरहद्दीवर एक नाका उभारला, त्याचाही उल्लेख प्रामाणिकपणे केला पाहिजे. १९७२ पासूनच्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेत शेतकऱ्याने कापूस शासनाच्या यंत्रणेलाच घालावयाचा होता. हेतू शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या पिळवणुकीतून सोडविण्याचा होता, आणि व्यापाऱ्यांविषयीची ती तक्रार सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येणार नाही. परंतु शेजारच्या राज्यात भाव चढला की रातोरात गाड्या सीमा ओलांडत, आणि राज्यात भाव अधिक असला की बाहेरचा कापूस आत येई. पाणी जसे उताराकडे वाहते, तसा माल भावाकडे वाहतो. नाका त्याला अडवितो खरा, पण फार काळ नाही.

आता ११ टक्क्यांचा हिशेब. खतावणी लिहिणाऱ्या समाजापुढे तो आकड्यांतच मांडणे बरे. हे ११ टक्के असे बनतात : मूळ सीमाशुल्क ५, कृषी पायाभूत सुविधा उपकर ५, आणि या दोहोंवर दहा टक्क्यांनी समाजकल्याण अधिभार १. समजा, परदेशी रुईची एक खंडी, म्हणजे ३५६ किलो, बंदरात ५०,००० रुपयांना पडली. तिच्यावरचा कर ५,५०० रुपये. एक क्विंटल कापसातून सुमारे ३४ किलो रुई निघते, बाकी मुख्यतः सरकी. म्हणजे एका खंडीसाठी साडेदहा क्विंटलच्या जवळपास कापूस लागतो. ५,५०० रुपये त्यावर वाटले, तर क्विंटलमागे सुमारे ५२५ रुपये येतात. कोरडवाहू तीन एकरांत पंधरा क्विंटल पिकविणाऱ्या कुटुंबाच्या बाबतीत हा फरक ७,८७५ रुपयांचा होतो. शुल्क उठले की भाव नेमका तेवढाच खाली येतो असे नाही. सरकीचा दर, डॉलरचा भाव, देशातील पीक, महामंडळाची खरेदी यांचाही परिणाम असतो. तरी फरकाची कमाल मर्यादा कोठवर जाते, ते या आकड्यावरून कळते.

हाच हिशेब दुकानाच्या गल्ल्यावर करून पाहावा. एका सुती शर्टात पाव किलोच्या आसपास रुई असते. ५,५०० रुपये ३५६ किलोंवर वाटले तर किलोमागे साडेपंधरा रुपये, आणि शर्टामागे चार रुपयांहूनही किंचित कमी. सूतकताईतील घट धरली तर साडेचार म्हणावे. म्हणजे शुल्कमाफीचा संपूर्ण लाभ गिरणीने, रंगाऱ्याने, ठोक व्यापाऱ्याने कोणताही वाटा न ठेवता पुढे पाठविला, तरी गिऱ्हाइकाला शर्ट चार-साडेचार रुपयांनी स्वस्त मिळणार. दुसऱ्या बाजूला त्याच गिऱ्हाइकाच्या कापसाच्या पट्टीतून काही हजार रुपये कमी होण्याचा संभव. परभणी जिल्ह्यातील कापड दुकानदाराने कोणती बाजू आपली मानावी, हे सांगण्यास वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही. एका शेतकरी कुटुंबाची दिवाळीची कापडखरेदी बहुधा याच सात-आठ हजारांत बसते.

सूतगिरणीची बाजू यात खोटी ठरत नाही, हेही सांगितले पाहिजे. सुताच्या किलोमागे पंधरा रुपयांचा फरक निर्यातीच्या बाजारात मागणी मिळवून देतो किंवा घालवितो. इचलकरंजीचे यंत्रमाग, तिरुपूरचे विणकाम, कोइम्बतूरच्या गिरण्या यांच्यावर लाखो हातांचे पोट आहे, आणि त्या बंद पडल्या तर मानवतच्या रुईला तरी गिऱ्हाईक कोण? म्हणूनच प्रश्न शुल्क असावे की नसावे एवढाच नाही. ते कोणत्या महिन्यात उठवावे, हाही आहे. एप्रिल २०२२ मध्येही हेच शुल्क ३० सप्टेंबरपर्यंत माफ झाले होते. त्या वेळी बहुतेक शेतकऱ्यांचा माल विकून झालेला होता आणि भावही चढे होते. त्यामुळे त्याची बोच तुलनेने कमी लागली. २०२५ मधील मुदतवाढ ऐन हंगामात घुसली. एकाच निर्णयाचे दोन ऋतूंतील हे दोन परिणाम आहेत.

कापसाप्रमाणेच तुरीचेही एक उदाहरण थोडक्यात सांगण्यासारखे आहे. २०१५ साली तूरडाळीचे भाव किलोला २०० रुपयांच्या घरात गेले, तेव्हा भारताने २०१६ मध्ये आफ्रिकेतील मोझांबिक देशाशी तूर आयातीचा अनेक वर्षांचा सामंजस्य करार केला. त्याच वर्षी पाऊस उत्तम झाला, देशात तुरीचे विक्रमी पीक आले, आणि २०१७ च्या आरंभी मराठवाड्यातील खरेदी केंद्रांसमोर गाड्यांच्या रांगा लागल्या. पीक एका पावसात बदलते, करार पाच-पाच वर्षे चालतो.

आता बांगलादेशाकडे वळू. दुकानातील तयार कपड्यांच्या मांडणीत त्या देशाचा माल कसा आला, हे पुष्कळांना ठाऊक असेल. नोव्हेंबर २०११ मध्ये भारताने दक्षिण आशियाई मुक्त व्यापार व्यवस्थेखाली अल्पविकसित देशांच्या जवळजवळ सर्व मालावरील शुल्क काढले. त्यात बांगलादेशाचे तयार कपडेही आले. त्या कपड्यांत भारताचा कापूस आणि भारताचे सूत मोठ्या प्रमाणात असते, म्हणजे १९३४ च्या जपानचीच ही काहीशी पुनरावृत्ती. परंतु त्यात चिनी कापडही असते, आणि तेथे एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. चीनहून थेट आलेल्या कापडाला कर आहे. तेच कापड बांगलादेशात शिवले गेले तर कर नाही. एखाद्या वस्तूचे मूळ कोणत्या देशाचे मानायचे, यासाठी प्रत्येक करारात नियम असतात. पुढे २१ सप्टेंबर २०२० पासून भारताने त्याविषयीची जबाबदारी आयातदारावर अधिक स्पष्टपणे टाकली. मूळ देशाचे प्रमाणपत्र हाती असणे एवढेच पुरेसे नाही. माल त्या देशात खरोखर कसा तयार झाला, याची माहिती आयातदाराने बाळगली पाहिजे.

जैन श्रावकाला हा नियम नवा वाटू नये. आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत चोरीचा माल घेणे, माप-तोलात कमी-जास्त करणे, अस्सल मालात नकली मिसळणे यांच्याबरोबरच 'विरुद्धराज्यातिक्रम' हाही एक आहे. राज्याने घातलेल्या व्यापारी मर्यादेचे आडवाटेने उल्लंघन करणे, असा त्याचा अर्थ टीकाकार करतात. करोडगिरी नाका चुकवून रात्री आणलेला गठ्ठा आणि खोट्या प्रमाणपत्रावर करमुक्त आणलेला कंटेनर यांत काळाचा फरक आहे, अतिचार तोच आहे. चिल्लर दुकानदार स्वतः आयात करीत नाही हे खरे. परंतु मुंबई-सुरतच्या ठोक पेढीवर माल पसंत करताना तो कोठला, असे विचारण्याचा त्याला अधिकार आहे, आणि सांगितलेल्या भावात बसणार नाही इतका स्वस्त तागा पाहून गप्प न राहण्याचे कर्तव्यही आहे.

भारत-बांगलादेश व्यापारात २०२५ साली कटुता आली. एप्रिलमध्ये बांगलादेशाने भूमार्गाने येणारे भारतीय सूत थांबविले. मे महिन्यात भारताने तेथील तयार कपड्यांना भूमार्ग बंद करून केवळ न्हावाशेवा आणि कोलकाता ही बंदरे मोकळी ठेवली. शुल्क एका पैशाने बदलले नाही, वाट तेवढी बदलली, आणि तेवढ्याने भाडे व वेळ दोन्ही वाढले.

या पार्श्वभूमीवर नवे करार पाहावेत. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार २९ डिसेंबर २०२२ पासून अमलात आला. त्यात भारतीय कपड्यांवरील ऑस्ट्रेलियाचे ५ टक्के शुल्क संपले, आणि भारताने वर्षाला ५१,००० टन ऑस्ट्रेलियन कापूस शुल्कमुक्त घेण्याचे मान्य केले. १७० किलोची गाठ धरता या ३ लाख गाठी होतात. १९३४ साली आपण कापूस देऊन कापड घेत होतो. २०२२ साली कापूस घेऊन कपडे देऊ लागलो. राष्ट्राच्या दृष्टीने ही प्रगतीच आहे. मात्र त्या जुन्या करारात भारतीय शेतकऱ्याच्या गाठींना जी निश्चित जागा होती, ती या नव्या कागदावर परक्या शेतकऱ्याच्या गाठींना मिळाली आहे.

ब्रिटनशी करारावर २४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षऱ्या झाल्या. युरोपीय संघाशी २००७ मध्ये सुरू झालेल्या, २०१३ मध्ये थांबलेल्या आणि २०२२ मध्ये पुन्हा आरंभलेल्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा २७ जानेवारी २०२६ रोजी दिल्लीत झाली. या दोन्ही बाजारांत भारतीय कपड्यांवर सुमारे १२ टक्क्यांपर्यंत शुल्क लागत होते आणि बांगलादेशाला ते माफ होते. लंडनच्या व्यापाऱ्याला ५ पौंडांना पडणारा भारतीय शर्ट या करामुळे ६० पेन्सनी महाग होई, आणि एवढ्या फरकाने मागणी ढाक्याला जात असे. हे अंतर मिटविणे हा या करारांचा खरा लाभ आहे, आणि तो लहान नाही. तिरुपूरच्या मागण्या वाढल्या तर सूत वाढेल, सूत वाढले तर रुईची मागणी वाढेल. पण ती रुई मानवत-सेलूची असावी असे करारात कोठेही लिहिलेले नसते. धाग्याची लांबी, स्वच्छता, ओलावा आणि गाठीतील कचऱ्याचे प्रमाण यांवर ते ठरते. परभणीतच कृषी विद्यापीठ आहे, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने जिल्ह्यात आहेत. वेचणीच्या वेळी प्लॅस्टिकच्या पोत्याचा धागा कापसात जाऊ न देणे, सुती पोती वा चादरी वापरणे, एवढ्या साध्या गोष्टीनेही गाठीची प्रत सुधारते. सुती चादरी तर कापडाच्या दुकानातच मिळतात.

कराराच्या वाटाघाटींपूर्वी वाणिज्य मंत्रालय उद्योग-संघटनांचे व निर्यात प्रोत्साहन परिषदांचे म्हणणे ऐकते. गिरणीमालकांची परिषद आहे, तयार कपड्यांच्या निर्यातदारांची परिषद आहे. जिल्ह्यातील कापड दुकानदार आणि कापूस उत्पादक यांचे एकत्रित म्हणणे मांडणारे कोणी नाही. जिल्ह्यातील व्यापारी संघटना, बाजार समित्या आणि या समाजातील सनदी लेखापाल तरुण यांनी मनावर घेतले, तर दरवर्षी जुलैअखेर एक पानी निवेदन दिल्लीस जाऊ शकते. त्यात खंडीचा, क्विंटलचा आणि शर्टाचा वर मांडलेला हिशेब त्या वर्षीच्या भावाने घालावा, आणि मागणी एकच असावी : शुल्क उठवावयाचे असेल तर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च या वेचणी-विक्रीच्या काळात उठवू नये. तीत गिरणीला फार तोशीस नाही, कारण त्या महिन्यांत देशातील रुई मुबलक असते.

निवेदनाचा मसुदा मराठीत आणि इंग्रजीत असा दोन्ही भाषांत तयार व्हावा, आणि त्याची एक प्रत मानवतच्या बाजार समितीच्या फलकावरही लागावी. ज्याच्या कापसाचा हिशेब त्यात आहे, त्याला तो गाडी सोडण्यापूर्वी वाचता आला पाहिजे.

जय जिनेंद्र!